कारण न देता

९ मार्च

आई,

पत्र कुणाचं आहे ते अक्षरावरून तुला कळलंच असेल, तेव्हा फाडायचं असेल तर आत्ताच फाड. पण तसं केलंस तर चार दिवसांनी दुसरं येईल, मग तिसरं. इथे कागद भरपूर आहे आणि मी आता हट्टी झालेय.

सात महिने मी लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. सुटका झाली त्या दिवशी पोलीस चौकीतून मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "मावशीचं नाव घेतलंस तर मला आई म्हणू नकोस," आणि फोन ठेवलास. मी तुझं ऐकलं. लहानपणापासून ऐकतच आलेय, उगाच का चारचौघांत मला गुणाची पोर म्हणायचीस. पोलिसांनी विचारलं, या धुलाईच्या कारखान्यात तुला कुणी आणून सोडलं? मी म्हटलं, आठवत नाही. सात महिने झाले, मला आठवत नाहीये.

आज लिहायला बसले ते धाकटीच्या कार्डामुळे. तिच्यावर रागावू नकोस, पत्ता तिने चौकीवरून मिळवला. दोनच ओळी आहेत. "परीक्षा संपली की मावशी मला कामाला नेणार आहे, आई हो म्हणालीय. तिने माझ्यासाठी चाकांची बॅग आणलीय, लाल."

माझी निळी होती. तुला आठवत असेल, तूच कौतुकाने तिच्यावर हात फिरवत होतीस. ती बॅग कारखान्याच्या मुकादमाने पहिल्याच दिवशी ठेवून घेतली, आतल्या कागदपत्रांसकट. त्यानंतर दोन वर्षं दोन महिने मी हॉटेलांच्या चादरी धुतल्या. फाटकाला कुलूप असायचं आणि ते बाहेरून असायचं. बाकीचं सांगत नाही. तुला झोप लागणार नाही, आणि तुला झोप लागत नाही याचा मला त्रास होईल, असं ते चक्र आहे.

मी कुठे आहे तेही सांगता येत नाही. या घराचा पत्ता कुणालाच द्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून पाकिटावर पोस्टाच्या पेटीचा नंबर आहे. पण काळजी करू नकोस, हा तुरुंग नाही. दोन मजली घर आहे. आम्ही नऊ जणी आहोत, कुणी कुणाच्या घरात कोंडलेली, कुणी कारखान्यातून आलेली, कुणी जिथून आली त्या जागेचं नाव स्वतःही काढत नाही. डॉक्टर येतात, माझे हात आता पुष्कळ बरे आहेत. मंगळवारी एक बाई नुसतं माझं बोलणं ऐकायला येतात. त्यांना त्याचा पगार मिळतो हे ऐकून मी आ वासला होता. खोलीचं दार आतून बंद होतं. बाहेरच्या बाजूला कडीच नाही. पहिल्या दिवशी मी दहा वेळा बाहेर जाऊन बघून आले.

घर चालवतात त्या मोठ्या ताई. स्वयंपाक करतात त्यांना सगळ्या मावशी म्हणतात. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. चार दिवस मी त्यांना "अहो" म्हणत होते, जशी काही त्यांची लग्नाची बायको. शेवटी त्याच म्हणाल्या, "हिच्यापुरती मी काकू."

आता इथली एक रीत सांगते. हसू नकोस. संध्याकाळच्या चहाला आम्ही सगळ्या एका लांब टेबलाशी बसतो. मोठ्या ताई एकेकीला काहीतरी विचारतात. बिस्किट घेतेस? जरा खिडकी लावतेस? माझी जागा घेतेस? आणि प्रत्येकीने दिवसातून एकदा तरी नाही म्हणायचं. नुसतं नाही. कारण द्यायचं नाही. "नको, पोट भरलंय" म्हटलं तर ते धरत नाहीत. ताई म्हणतात, कारण दिलं की समोरचा त्या कारणाशी भांडायला बसतो. पोट भरलंय म्हणालीस की तो म्हणणार, बरं, अर्धंच खा.

सात महिन्यांत मला एकदाही जमलेलं नाही. ताई बशी पुढे करतात, बाकीच्या श्वास रोखून बघतात, माझ्या तोंडातून हो बाहेर पडतं आणि बिस्किट आत जातं. चार किलो वजन वाढलंय माझं. सगळं त्या बिस्किटांचं.

आई, तुलाही जमत नाही, मला माहीत आहे. मावशी तुझी मानलेली बहीण, पण सख्खीने केलं नसतं तेवढं तिने केलं. बाबा गेले तेव्हा ती तीन दिवस तुझ्याजवळून हलली नाही. तिला नाही म्हणायचं म्हणजे तुझ्या जिवावर येतं. पण धाकटीला तिच्याबरोबर पाठवू नकोस. दुसरं काहीही मागत नाही, मला परत घे असंही म्हणत नाही. एवढं एकच.

तुझी
गुणाची


२१ मार्च

आई,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे तू रागावलीस. रागाव. रागाने तुला भूक चांगली लागते हे मला ठाऊक आहे.

आज तुला माझी फजिती सांगते. इथे आल्यावर प्रत्येकीने काहीतरी शिकायचं असतं. शिवण होतं, संगणक होता, केस कापणं होतं. मी नळाचं काम घेतलं. हो, नळ, पाइप, तोट्या, तुंबलेली मोरी. शिकवायला एक म्हातारे मिस्त्री येतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण पाइपाला हात लावून आत पाणी कुठे अडलंय ते सांगतात. मला वाटलं, दोन वर्षं पाण्याने माझे हात खाल्ले, आता मी पाण्याला हुकूम सोडते.

काम मला येतं बरं का. मिस्त्री सहजासहजी कुणाचं कौतुक करणारे नाहीत, पण परवा म्हणाले, "तुझा हात बरा आहे." मी दिवसभर तो हात बघत होते.

तर गेल्या सोमवारी त्यांनी मला पहिल्यांदा एकटीला कामावर पाठवलं. एका निवृत्त शिक्षिकेचं घर, स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वायसर बदलला, दहा मिनिटं लागली. पाना पिशवीत ठेवत होते तेवढ्यात बाई म्हणाल्या, "उभीच आहेस तर जरा हे कपाट सरकवतेस?" मी म्हटलं, हो. कपाटाखाली धूळ होती. "जरा केर काढतेस?" हो. मग भांडी. मग पडदे उतरवून धुतले. मग वर गच्चीवर जाऊन टाकी घासली. त्या बाई दुष्ट नव्हत्या, आई. त्या विचारत होत्या आणि मी हो म्हणत होते, मग त्यांनी का थांबावं. सकाळी नऊला गेलेली मी संध्याकाळी सहाला ओलीचिंब घरी आले. दुपारी जेवले नाही, कारण जेव असं कुणी म्हटलं नाही.

मिस्त्री फाटकाशी माझी वाट बघत होते. काळजीने त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "नळाचं काम किती वेळाचं?" मी म्हटलं, दहा मिनिटांचं. "आणि बाकीचा दिवस?" मी सांगितलं. ते डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "अगं, नळाला गेलीस आणि भांडी घासून आलीस?" खोलीत जाऊन मी रडले. भांड्यांचं काही वाटलं नाही. मला कुणी कोंडलं नव्हतं, दार सताड उघडं होतं, तरी मी निघाले नाही, त्याचं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. काय गुणाची मुलगी आहे हो तुमची, हिला रोज पाठवा. गुणाची म्हणाल्या. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि माझ्या हातात पिशवी दिली. "जा आणि तूच सांग."

गेले. बाईंनी दार उघडलं, हसून म्हणाल्या, "आलीस? आज जरा गाद्या उन्हात टाकू." मी त्यांच्या खांद्यावरून आतल्या नळाकडे बघत राहिले. आदल्या दिवशी मीच दुरुस्त केलेला तो नळ गळत नव्हता, एक थेंबसुद्धा नाही. त्याच्याकडे बघतच मी म्हटलं, "नाही."

त्या म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" मी गप्प. "घाईत आहेस का?" मी गप्प. कारणं अगदी ओठावर येऊन रांगेत उभी होती, एकालाही बाहेर सोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाई. मग चहा तरी घे." त्यालाही नाही म्हटलं. खरं तर चहा हवा होता, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना.

संध्याकाळी टेबलाशी मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी चमचे कपांवर वाजवले. पहिल्या नाहीला इथे तसं करतात. काकू आतून पळी वाजवत आल्या. फक्त माझ्या खोलीतल्या जोडीदारणीने वाजवला नाही. ती ताडमाड उंच आहे, तिला सगळ्या शिडी म्हणतात. तिचं माझं जरा वेगळं आहे. ते पुढे केव्हातरी.

आपल्या घरचा नळ अजून गळतो का ग? खाली बालदी लावून ठेवायचीस, सकाळी ती भरलेली असायची. दहा मिनिटांचं काम होतं ते. अकरा वर्षं आपण बालदी लावली.

धाकटीची परीक्षा वीस एप्रिलला संपते, मी वेळापत्रक बघितलं. दिवस मोजतेय. तू काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझी
नळवाली


२ एप्रिल

आई,

धाकटीचं कार्ड आलं. तू अजून मावशीला नाही म्हणालेली नाहीस. पण पत्रं फाडत नाहीस, पत्र्याच्या डब्यात ठेवतेस आणि दुपारी दार लावून वाचतेस, असं तिने लिहिलंय. त्याच डब्यात माझी जुनी कार्डं आहेत म्हणे, कारखान्यातून पाठवलेली. त्यावर मी लिहायचे, मी मजेत आहे, काम चांगलं आहे, काळजी नसावी. मावशी तुला ती दाखवून म्हणते, बघ, तुझी पोर तेव्हा स्वतःच्या हाताने काय लिहीत होती आणि आता काय बोलते.

हात माझाच होता. मुकादम शेजारी उभा राहून सांगायचा आणि मी लिहायचे. हे तुला पटेल की नाही माहीत नाही. म्हणून मी आज तुला असं काहीतरी सांगते जे खोटं सांगून माझा काही फायदा नाही. उलट तोटाच आहे. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, मंगळवारच्या बाईंनाही परवापरवापर्यंत नाही.

कारखान्यात मला वर्ष झालं होतं. एका दुपारी मुकादमाने मला चादरींच्या ढिगातून बोलावलं आणि फोन कानाला लावला. पलीकडे मावशी होती. आवाज गोड. "इथे एक काकू आहेत, बोल ग त्यांच्याशी. त्यांच्या मुलीला आपल्याकडे घ्यायचंय. सांग त्यांना कसं आहे ते." मग एका बाईचा आवाज आला. तुझ्यासारखाच, जरा घाबरलेला. "पोरी, खरं सांग हं. पाठवू का?" मुकादम समोर उभा होता, पण त्याने काही धमकी दिली नव्हती. द्यायची गरजच नव्हती. मी म्हटलं, "हो. छान आहे इथे. पाठवा."

अकरा दिवसांनी टेम्पोतून एक ताडमाड मुलगी उतरली, हातात चाकांची हिरवी बॅग. ती थेट माझ्याजवळ आली आणि हसली. "तूच का ग फोनवरची? आईला तुझा आवाज फार आवडला." मी म्हटलं, हो.

ती शिडी, आई. तेरा महिने ती माझ्या शेजारी चादरी पिळत होती आणि आता माझ्याच खोलीत झोपते. इथे खोली बदलून मागता येते. तिने मागितली नाही. का नाही मागितली ते मी विचारलं नाही.

काल चहाला बशी माझ्याजवळ आली तेव्हा मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर हे सांगितलं. मग शिडीकडे वळून म्हटलं, "मला माफ करशील?"

ती म्हणाली, "नाही."

कारण दिलं नाही. मोठ्या ताईंनीही ते विचारलं नाही, नियम त्यांचाच होता. मी खाली बसले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. थोड्या वेळाने शिडीने पावाची टोपली माझ्याकडे सरकवली. माझ्या वाट्याचा पाव तिने बाजूला काढून ठेवला होता.

नंतर खोलीत ती म्हणाली, "माफीचं पुढे बघू. आधी त्या बाईचं नाव दे. माझ्या आईला ती नुसती बाई म्हणून माहीत आहे, नाव-पत्ता तुलाच माहीत आहे. सात महिने तू आठवत नाही म्हणतेस. तुझी धाकटी टेम्पोतून उतरल्यावर आठवणार का?"

आई, मी तुझ्यावर फार रागावले होते. मला वाटायचं, आईला कसं कळलं नाही, आई हो कशी म्हणाली. पण मीही म्हणालेय. एका आईच्या तोंडावर म्हणालेय, आणि मला तर सगळं ठाऊक होतं. तुला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा तुला बोल लावायला मी कोण. तुझ्यावरचा माझा राग आज मी सोडला. तू मला सोडलंस तरी तो परत धरणार नाही.

उद्या मोठ्या ताईंबरोबर जाऊन मी मावशीचं नाव देणार आहे. तू म्हणाली होतीस, मग मला आई म्हणू नकोस. ते अजून तसंच असेल तर पुढच्या पत्रावर वर काय लिहायचं ते कळव. तोवर मी आईच लिहीन.

तुझी
मुलगी


१३ एप्रिल

आई,

आईच लिहिलंय. तुझं काही कळवणं आलं नाही.

आज जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळू दे. तीन तारखेला मी नाव दिलं. पोलीस गेले तर मावशीच्या घराला कुलूप. दहा दिवस माझा जीव टांगणीला. तुझ्याकडे माणूस पाठवतो म्हणाले, पण त्यांचं आज-उद्या चाललं होतं. शेवटी काल ती वकिलाला घेऊन आपणहून हजर झाली. तिला काय, वाटलं असेल, गुणाची आहे, एका शब्दात गप्प करीन. आज सकाळी ओळख पटवायला मला बोलावलं. सोबत शिडी होती, मोठ्या ताई होत्या.

ताई कागदांवर सह्या करायला आत गेल्या आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. त्या कचेरीत बसायला बाक एकच. पाच मिनिटांनी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मावशी येऊन बसली. अधिकारी बाईंना नंतर हे कळलं तेव्हा त्यांनी शिपायाला चांगलंच झापलं.

मावशी सरकत सरकत जवळ आली. तीच साडी, तोच वास. "आली का ग माझी गुणाची. किती वाळलीस." चार किलो वाढलेय मी, आई. तिला समोरचं धड दिसतही नाही, पाठ केलेलं बोलते. त्याच वेळी मला जरा धीर आला.

पण मग तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "धाकटी परवाच कामावर पोचली. काल फोन केला होता तिने. मजेत आहे म्हणाली." मजेत हा शब्द कुणी शिकवलाय ते मला ठाऊक आहे ना. ती म्हणाली, "तू आत जा आणि सांग, चुकून नाव घेतलं, ती बाई दुसरीच होती. संध्याकाळच्या आत धाकटी घरी. नाहीतर मग मला काही सांगता यायचं नाही."

आई, तुझ्यापासून काय लपवू. हो माझ्या जिभेवर आलेलं होतं. पूर्ण तयार होतं, तोंड उघडायचाच अवकाश. मला धाकटीच्या वेण्या दिसत होत्या. शिडी शेजारीच होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, कोपराने ढोसलं नाही, काही नाही. हातातली पाण्याची बाटली घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "नाही."

"का ग?" मावशी म्हणाली. मी गप्प. "तुझा बाप गेला तेव्हा तीन दिवस मी पाणी प्यायले नव्हते. विसरलीस?" मी म्हटलं, "नाही." "तुझी आई जन्मात तोंड बघणार नाही तुझं." "नाही." "अगं, नाही नाही काय लावलंयस, काहीतरी बोल तरी." ती वाट बघत होती, आई. मी एक कारण देईन आणि ती ते पकडून मला ओढत नेईल, याची. कारणं शंभर होती माझ्याकडे. तिला मी एकसुद्धा दिलं नाही.

मी उठले आणि दार न ठोठावता अधिकारी बाईंच्या खोलीत शिरले. एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या भागातल्या चौकीला फोन लावला. मग पंचवीस मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून नक्की सांगते, पंचवीस. शिडीने मला पाणी पाजलं, अर्धं अंगावर सांडलं. मी मनात म्हणत होते, चुकलं असेल तर माझं चुकलं, पण त्या बाईच्या हातात मी पुन्हा काही देणार नाही.

फोन वाजला. अधिकारी बाईंनी ऐकलं, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि त्या चक्क हसल्या. "घरी आहे. गणितं सोडवतेय. तुमच्या आई दारातच बसून होत्या, आमच्या माणसाला आत सोडेनात. ओळखपत्र दोनदा उलटसुलट करून बघितलं, तेव्हा कुठे सोडलं."

मी खाली फरशीवरच बसले. शिडीही बसली. दोघी हसत होतो की रडत होतो ते मला आता सांगता येणार नाही. मग मी उठले, तोंड पुसलं, समोरच्या खोलीत जाऊन मावशीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "हीच." तिचं पूर्ण नाव सांगितलं, गल्ली सांगितली, दाराचा रंग सांगितला. सही केली. आपल्या घरी दाराआडून ऐकलेला तिचा आवाज माझ्यामागून शिडीने ओळखला. वकील बरंच बोलले, पण मावशीला अधिकारी बाईंनी घरी जाऊ दिलं नाही. जाताना ती माझ्याकडे वळूनसुद्धा बघेना. मी मात्र तिच्याकडे शेवटपर्यंत बघून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर शिडी म्हणाली, "माफीचं अजून नाही हं." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "पण चहा पाज." आम्ही दोघी दोन दोन कप प्यायलो.

संध्याकाळी टेबलाशी पहिला चमचा तिने वाजवला. इतक्या जोराने की कपाचा कान तुटला. काकूंनी तो कप फडताळात वरच्या फळीवर ठेवलाय, आणि कुणी फेकला तर याद राखा म्हणाल्यात.

मिस्त्री पुढच्या महिन्यापासून मला त्यांच्याबरोबर पक्कं घेणार आहेत. माझी कागदपत्रं नवीन मिळाली. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण नाव माझं आहे.

तू दारात का बसली होतीस, आई? मला कळेना. आनंदात आहे आज, तरी ते एक डोक्यातून जात नाही. कळव.

तुझी
मुलगी


१७ एप्रिल

पोरी,

गुणाची लिहिणार होते. लिहिलं नाही. तुला तो शब्द टोचत असेल.

मला लिहायची सवय नाही. ओळी वर खाली जातील. धाकटी म्हणाली मी लिहून देते, तिला नाही म्हटलं.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिलं वाचून फार राग आला. दुसरं वाचून हसले, मग तू जेवली नव्हतीस ते आठवून हसू गेलं. तिसरं वाचायला मला तीन दिवस लागले. त्या उंच मुलीच्या आईचा आवाज तू लिहिलास ना, तो मला ऐकू येत होता. माझा होता तो.

अकरा तारखेला सकाळी तुझी ती मावशी आली. गाडी कोपऱ्यावर उभी केली होती. म्हणाली, परीक्षा राहू दे, जागा जाईल, बॅग भर. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, का. मी गप्प बसले. ती म्हणाली, तुझा नवरा गेला तेव्हा कोण बसलं होतं तुझ्याजवळ. ते खरं आहे. खरं असून मी नाही म्हटलं. मग दारातच बसकण मारली. बसल्यावर लक्षात आलं, आता तिला आत येता येत नाही. मग उठलेच नाही. ती दोन तास समोर उभी होती. गोड बोलली, रडली, शाप दिले. मी नाही म्हणत होते. एवढ्या वेळा मी आयुष्यात म्हटलं नसेल. मग ती गेली.

ती परत येईल म्हणून पोलिसांचा माणूस येईपर्यंत रोज दारातच बसत होते. जेवण तिथेच केलं. शेजारणी विचारायच्या, काय झालं. त्यांनाही कारण दिलं नाही.

लाल बॅग इथेच राहिली. धाकटीने तिच्यात पुस्तकं भरली आहेत. सोमवारी तिचा शेवटचा पेपर.

जुनी कार्डं डब्यातून काढून चुलीत घातली. तुझी पत्रं ठेवली.

वर आईच लिहीत जा. दुसरं काही लिहायचं नाही. मी फोनवर जे बोलले ते बोलायला नको होतं. त्याला माझ्याकडे कारण आहे, पण ते देत नाही. चुकले.

नळ अजून गळतोय. धाकटी म्हणाली, पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला बोलावू. मी नाही म्हटलं. बालदी लावून ठेवली आहे.

सवड झाली की ये. त्या उंच मुलीला यायचं असेल तर तिलाही आण. आणि नाही म्हणालीस, तर का म्हणून मी विचारणार नाही.

आई